वाचून दाखवले, बरोबर आहे

तीस वर्षं मी कचेरीच्या व्हरांड्यात अर्ज टाइप करते, आणि तीस वर्षांत माझा एकही अर्ज त्रुटी काढून परत आलेला नव्हता. पूर्वी हे मी येईल त्याला ऐकवायचे. शेजारच्या टेबलावरचा झेरॉक्सवाला वैतागून म्हणायचा, बाई, एकदाचं पाटीवरच लिहून टाका. आता तेच सांगताना तोंड कडू होतं. पण रफूमावशींची गोष्ट तिथूनच सुरू होते, त्यामुळे सांगणं भाग आहे.

जिन्याखाली माझं टेबल. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे आणि एक प्रिंटर, ज्याला दर चौथ्या कागदाला थोपटावं लागतं. दाखले, तक्रारी, नावातली दुरुस्ती असलं सगळं करते, पण निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक म्हातारं. मुलांनी आईवडिलांना सांभाळलंच पाहिजे असा कायदा आहे. सांभाळत नसतील तर वरच्या मजल्यावरच्या साहेबांकडे अर्ज करायचा. साहेब मुलांना बोलावतात, दोन्हीकडचं ऐकतात आणि दर महिन्याला काय द्यायचं ते ठरवून देतात.

या अर्जाचा नमुना माझ्याकडे तयार असतो. नावं, पत्ते, वय बदलायचं, बाकी मजकूर तोच. त्यातला चौथा परिच्छेद माझा स्वतःचा, त्याचा मला फार अभिमान होता: 'अर्जदाराची सर्व अपत्ये सक्षम असूनही ती अर्जदाराकडे ढुंकूनही पाहत नाहीत, भेटीस येत नाहीत व कोणतीही मदत करीत नाहीत.' त्या 'ढुंकूनही'वर एका साहेबांनी मान डोलावली होती म्हणे. शिपायाने खाली येऊन सांगितलं, मी दोन दिवस हवेत होते. आणि सगळ्यात खाली सहीच्या वर एक ओळ: 'वरील मजकूर मला वाचून दाखवला असून तो बरोबर आहे.' तीही छापलेलीच. वाचून दाखवायला वेळ असतो कुणाला?

अर्ज परत का येतात, तर म्हातारी माणसं एखादं मूल लपवतात. लाडकं असतं म्हणून, भांडण असतं म्हणून, नाहीतर त्या मुलाची नोकरी मोठी असते आणि त्याचं नाव खराब होईल म्हणून. मग सुनावणीत थोरल्याचा वकील उभा राहतो आणि म्हणतो, साहेब, यांना आणखी एक अपत्य आहे, ते लपवलंय. झालं. अर्ज परत, तीन महिने पाण्यात. म्हणून मी बायकांना मुलं किती असं विचारतच नाही. बाळंतपणं किती, असं विचारते. तिथे कुणी खोटं बोलत नाही. बापांना विचारून उपयोग नसतो, त्यांना मोजायलाच वेळ लागतो.

रफूमावशी पहिल्यांदा आल्या त्या भिंतीला हात लावत. स्टुलावर बसल्या आणि झेरॉक्सवाल्याकडे तोंड करून माझ्याशी बोलायला लागल्या. माझ्या नाकावर राग असतोच. मी म्हटलं, मी इकडे आहे, तिकडे काय बघताय? तर शांतपणे म्हणाल्या की सरळ बघितलं तर तुम्ही दिसत नाही, तोंड फिरवलं तर कडेने थोडं दिसतं. डोळ्यांचं मधलंच गेलं होतं त्यांचं, कडा तेवढ्या शिल्लक होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण माझा स्वभाव असा की चुकलं म्हणायला जीभ उचलत नाही. मी चहा मागवला.

अठ्ठावीस वर्षं त्यांनी एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खोलीत बसून रफू केलं. नवरा तीन पोरं पदरात टाकून लवकर गेला. तीन मुलांची शाळा, त्यांची लग्नं, थोरल्याच्या टायरच्या दुकानाची पागडी, सगळं त्या सुईतून निघालं. भोकाला जुळणारा धागा बाजारात मिळत नाही, मावशी सांगायच्या. तो त्याच कपड्याच्या आतून काढायचा. दुमडीतला, शिवणीतला, जिथे कुणी बघत नाही तिथला. तिथून ओढायचा आणि वर दिसणारं भोक बुजवायचं. बोलता बोलता त्यांनी माझ्या बाहीवरून बोट फिरवलं आणि सांगितलं की हे कुणीतरी घाईत शिवलंय. मीच शिवलं होतं.

डोळे गेल्यावर दुकानाने बारीक काम बंद केलं, मग सगळंच बंद केलं. डॉक्टर म्हणाले होते की डोळ्यात ठराविक दिवसांनी इंजेक्शन घेतलं तर कडेचं उरलंय तेवढं तरी टिकेल. थोरला म्हणाला दुकान बायकोच्या नावावर आहे, माझ्या हातात काही नाही. धाकट्याने फोन उचलणंच सोडलं. शेजारणीने कायद्याचं सांगितलं म्हणून त्या माझ्यापर्यंत आल्या होत्या.

मी नेहमीप्रमाणे विचारलं, बाळंतपणं किती?

त्यांनी चहाचा कप चाचपत खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तीन. पण लेकीला यात घालू नका, ताई. ती येते माझ्याकडे."

आणि मग त्यांनी ते सगळं सांगितलं, जे मी एका कानाने ऐकत होते आणि दुसऱ्या हाताने थोरल्याचा पत्ता टाइप करत होते. लेक एका कारखान्यात पॅकिंगला होती. रोज सहाला सुटायची, पण गुरुवारी त्यांची पाळी चारलाच संपते. हे तिने सासरी कधीच सांगितलं नव्हतं. जावयाने लग्नातच बजावलं होतं की तुला दोन भाऊ आहेत, तुझ्या आईचं माझ्या घरात काही आणायचं नाही. तर गुरुवारचे ते दोन तास आईचे. लेक यायची, आईची नखं कापायची, केस धुवायची, डोळ्यांत थेंब घालायची आणि जाताना आठवड्याच्या सुया ओवून ठेवायची. सुया टोचायच्या छोट्या गादीत वरच्या रांगेत काळ्या धाग्याच्या, मधे पांढऱ्या, खाली तपकिरी आणि निळ्या. मग मावशी आठवडाभर बोटांनी चाचपून शेजारपाजारचं बटण, काज, दुमड असलं जाडंभरडं काम करायच्या. तेवढीच कमाई.

"मुलांनी दोन वेळचं बघितलं," त्या म्हणाल्या, "तर पोरीच्या जिवाला घोर राहणार नाही. तेवढ्यासाठीच करतेय."

मी त्यांना चांगलंच झापलं. कायद्यात मुलगा मुलगी सारखीच, म्हटलं. तुमच्या थोरल्याचा वकील पहिल्याच तारखेला तिचं नाव काढेल आणि अर्ज तोंडावर परत येईल. त्यांनी विचारलं की नोटीस घरी जाते का. मी म्हटलं जाते, पण कागदच तो. तिने पहिल्या तारखेला येऊन साहेबांना सांगायचं, मी सांभाळते, की साहेब तिला बाजूला ठेवतात. हे अगदीच खोटं नव्हतं, कधीकधी ठेवतातही. पण त्यासाठी त्या पोरीला नवऱ्यासमोर तोंड उघडावं लागणार होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात तीस वर्षांचा हिशेब होता.

दोन वाजता अर्ज घ्यायची खिडकी बंद होते. मी नावं भरली, प्रिंटर थोपटला, कागद पुढे केला. त्यांनी विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं नेहमीचंच, शेकडो वेळा लिहिलंय, इथे सही करा. त्यांचं बोट धरून मी जागेवर ठेवलं. बिनदिसत्या डोळ्यांनी इतकी रेखीव सही मी पाहिली नव्हती.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. हातात अर्जाची प्रत होती. बसल्या नाहीत, उभ्यानेच म्हणाल्या, हे वाचून दाखवा. आदल्या गुरुवारी लेक आली नव्हती. शेजारणीच्या फोनवर तिचा फोन आला होता, एकच वाक्य बोलून तिने ठेवला होता. आई, तू असं लिहिलंस?

मी वाचायला लागले. नाव, वय, पत्ता. चौथ्या परिच्छेदापाशी आल्यावर माझा आवाज माझाच मला ऐकू यायला लागला. सर्व अपत्ये. ढुंकूनही पाहत नाहीत. भेटीस येत नाहीत. मला हे पुढे कळलं, पण जावयाने नोटीस फोडली होती आणि सोबतच्या प्रतीतलं सगळ्यांसमोर हेच मोठ्याने वाचलं होतं. वर हसून म्हणाला होता की बघ, तुझी आईच सांगतेय, तू जात नाहीस ते बरंच करतेस.

मावशी म्हणाल्या, "हे मी म्हटलं नव्हतं."

मी म्हटलं की ते तसंच लिहायचं असतं, सगळ्यांच्या अर्जात तसंच असतं. त्यांनी मान फिरवली, म्हणजे मला बघितलं. मग विचारलं, सगळ्यांच्या आया असंच म्हणतात का? मी प्रिंटरमध्ये कागद भरायला लागले, त्याची काही गरज नव्हती.

सुनावणीच्या दिवशी मी टेबल झेरॉक्सवाल्याच्या भरवशावर टाकून वर गेले. असं मी कधी करत नाही. मनाशी ठरवलं होतं की पोर एकदा बोलली की सगळं सुरळीत होईल. थोरला वकील घेऊन आला होता, नवा शर्ट घालून. धाकट्याची नोटीस 'पत्त्यावर राहत नाही' असा शिक्का घेऊन परत आली होती. लेक कोपऱ्यात उभी होती, सडपातळ, कारखान्याच्या गणवेशातच, आणि जावई तिच्या शेजारी तिची पर्स धरून. माणूस राक्षस वगैरे नव्हता दिसायला. साहेबांना नमस्कार केला, मावशींनाही केला. पण त्याच्या अंगठ्याची पकड त्या पर्सवर अशी होती की मला सगळं कळून चुकलं.

साहेबांनी लेकीला विचारलं, तुम्ही आईकडे जाता का?

जाते म्हटलं असतं तर कधी जाता, कोणत्या वेळी जाता, असं साहेबांनी विचारलंच असतं. मग गुरुवार निघाला असता. ती जमिनीकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली.

साहेबांनी मावशींना विचारलं, मुलगी कधी येते का? मावशींनी लेकीच्या दिशेने चेहरा केला आणि मग सावकाश तोंड भिंतीकडे फिरवलं. बराच वेळ तसंच ठेवलं. मला माहीत होतं त्या काय करत होत्या. लेकीलाही माहीत होतं. त्या तिला बघत होत्या, डोळ्यांच्या उरल्यासुरल्या कडेने, जितकं बघता येईल तितकं. साहेबांना वाटलं आईने लेकीकडे पाठ फिरवली. त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

"नाही येत," मावशी म्हणाल्या.

मी उठले होते. शपथेवर सांगते, उठले होते. पण शिपायाने हाताने बसा म्हणून खुणावलं, आणि खरं बोलले असते तर ते दोन तास मीच उघड्यावर मांडले असते. आयुष्यात जिथे तोंड बंद ठेवायला हवं होतं तिथे कधी ठेवलं नाही, आणि इथे ठेवावं लागलं.

निकाल झाला. तिन्ही अपत्यांनी सारखा वाटा द्यायचा. खाली येताना कारकून कौतुकाने म्हणाला, बाई, तुमचा अर्ज म्हणजे बघायला नको, एक त्रुटी नाही. मी त्याला काहीतरी बोलले, काय ते आता आठवत नाही, पण तो पुढे आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

थोरल्याने वर अपील करून आपल्या वाट्यापुरती स्थगिती आणली. धाकटा सापडलाच नाही, अजून नाही. पगाराची पावती होती ती एकट्या लेकीची. हुकूम कारखान्यात गेला आणि तिचा वाटा तिच्या पगारातून परस्पर कापला जायला लागला. आता कायदा आपलं काम करत होता, एकटीवरच, पण करत होता. पगार का कमी आला ते विचारायला जावई कारखान्याच्या ऑफिसात गेला. तिथला कारकून आत कागद शोधत होता तोवर हा बाहेर बाकावर बसला, आणि समोर भिंतीवर पाळ्यांच्या वेळांचा फलक होता. गुरुवार, चार वाजता.

त्याने आवाज चढवला नाही, हात उचलला नाही. फक्त पुढच्या गुरुवारी चार वाजता गाडी घेऊन फाटकावर उभा राहिला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. तेव्हापासून दर गुरुवारी उभा असतो.

हे मला लेकीबरोबर काम करणाऱ्या एकीने सांगितलं, ती दाखल्यासाठी आली होती. मी तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. त्याने काय होणार होतं?

मधल्या काळात मी मावशींच्या खोलीवर जाऊन आले. एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीजवळ एक खुर्ची आणि खुर्चीच्या हातावर ती सुयांची गादी. सगळ्या सुया रिकाम्या. शेजारीण ओवून द्यायची, पण रंग कुठेही टोचायची, आणि मावशींनी एका गिऱ्हाइकाच्या काळ्या कोटाला पांढऱ्या धाग्याने बटणं लावली. तेव्हापासून काम यायचं थांबलं. मी बसून सुया ओवायचा प्रयत्न केला. चष्मा चढवून, थुंकी लावून, अर्ध्या तासात चार झाल्या. मावशींनी त्या चाचपून पाहिल्या आणि म्हणाल्या की धागा फार लांब घेतलात, गुंता होईल. आणि मग, तुमचा दोष नाही, तिला सवय होती.

बँकेत पैसे जमा होत होते. मी म्हटलं, इंजेक्शन तरी घ्या. तेवढ्या वेळी मात्र त्या चिडल्या. म्हणाल्या, तिच्या पगारातलं कापून डोळ्यात घालू, आणि त्या डोळ्यांनी बघू कुणाला? मी उठून आले.

गेल्या महिन्यात त्या पुन्हा व्हरांड्यात आल्या. आता भिंतीला दोन्ही हात लावून. कडेचंही जायला लागलं होतं. स्टूल मीच त्यांच्यापर्यंत नेलं. त्या बसल्या, दम खाल्ला आणि म्हणाल्या, "नवा अर्ज लिहायचाय. लिहा, मला दोनच मुलगे आहेत. मुलगी नाही."

मला आधी कळेना. मग कळलं. मुलगीच नसेल तर तिच्या पगारातून कापणार कसं, असा त्यांचा सरळ हिशेब होता. कापणं थांबलं तर जावयाचा राग उतरेल. राग उतरला तर तो कदाचित फाटकावर उभा राहायचा कंटाळा करेल. एवढ्या लांब धाग्यावर त्यांनी सगळं टांगलं होतं.

मी समजावलं. हे प्रतिज्ञापत्र असतं, शपथेवर असतं. जन्माची नोंद आहे, शाळेचा दाखला आहे, तुमच्याच पहिल्या अर्जात तिचं नाव आहे. साहेब फेटाळतील ते फेटाळतील, वर शपथेवर खोटं बोललात म्हणून तुम्हालाच धरतील.

"आधीही खोटंच लिहिलं होतंत तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "माझ्याच नावावर. ते चाललं ना?"

शेजारच्या टेबलावर मशीन घरघरत होतं. झेरॉक्सवाला एरवी मधे तोंड घातल्याशिवाय राहत नाही, तोही खाली मान घालून कागद लावत बसला. मी कॉम्प्युटरचा पडदा उजळला. या अर्जाचा नमुना माझ्याकडे नव्हता. बसून एकेक ओळ जुळवली. दोन वाजायला वीस मिनिटं होती, तरी घाई केली नाही. छापून काढला, आणि सही घ्यायच्या आधी मोठ्याने वाचायला लागले. नाव वाचलं, वय वाचलं, पत्ता वाचला, एकही शब्द न गाळता.

"मला दोन मुलगे असून मुलगी नाही व कधीही नव्हती."

त्यांनी हात वर केला. "कधीही नव्हती, हे मी म्हटलं नाही. ते काढा."

सवयीने गेलं होतं माझ्याकडून. मी ते काढलं, कागद नव्याने छापला, प्रिंटर थोपटला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं. मुलगी नाही, इथपर्यंत आल्यावर थांबले. मावशींचं तोंड सरळ माझ्याकडे होतं, म्हणजे त्यांना मी दिसत नव्हते.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मी त्यांचं बोट जागेवर ठेवलं. सही पूर्वीइतकी रेखीव आली नाही, रेघेच्या खाली घसरली.

आठव्या दिवशी तो अर्ज लाल शाईचा शेरा घेऊन खाली आला. तीस वर्षांतला पहिला. मावशी येतात, विचारतात, मी सांगते साहेब रजेवर आहेत. कागद माझ्या खणात आहे. तो मी त्यांना अजून वाचून दाखवलेला नाही.